‘झोपा’ म्हणजे झोप नव्हे: अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना गोष्टीतला दडलेला अर्थ कसा शिकवावा

‘बैल गेला अन् झोपा केला’ या म्हणीचा अर्थ पाचवीतल्या मुलाला विचारला, तर बरेचदा उत्तर येतं, ‘बैल गेला म्हणून तो झोपला.’ पेपरावर फुली पडते आणि पालकसभेत सांगितलं जातं, ‘याला लाक्षणिक अर्थ कळत नाही.’ खरं तर या उत्तरात लाक्षणिक अर्थाची वेळ अजून आलेलीच नाही. झोपा म्हणजे गोठ्याचं दार, हेच मुलाला ठाऊक नाही. शेजारच्या बाकावरच्या पहिल्या नंबरालाही ते ठाऊक नसतं. त्याने गाइडमधला अर्थ पाठ केलेला असतो, एवढाच फरक.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या बाबतीत ही गल्लत वारंवार होते. मूल अडतं एका जागी आणि उपाय केला जातो भलत्याच जागी. म्हणून पुढची पद्धत ‘म्हणी कशा शिकवाव्यात’ इथून सुरू न होता ‘अडलंय कुठे’ इथून सुरू होते. ती साधारण तिसरी ते सातवीच्या मुलांसाठी आहे. घरी पालकांना, वर्गात शिक्षकांना आणि रिसोर्स रूममध्ये (शाळेतल्या विशेष मदतीच्या खोलीत) विशेष शिक्षकांना ती सारखीच वापरता येते.

एक गोष्ट सुरुवातीलाच. अध्ययन अक्षमता म्हणजे गतिमंदत्व नव्हे. वाचन अक्षमता (डिस्लेक्सिया), लेखन अक्षमता (डिस्ग्राफिया) आणि गणन अक्षमता (डिस्कॅल्क्युलिया) असलेल्या मुलांची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्येही ‘विशिष्ट अध्ययन अक्षमते’ची स्वतंत्र व्याख्या दिलेली आहे. यातली बरीच मुलं घरातल्या थट्टामस्करीत टोमणे बरोबर ओळखतात आणि परतवतातही. तेच मूल छापील गोष्टीपुढे गप्प होतं, तेव्हा गोम कुठे आहे ते तपासावं लागतं.

पहिली पायरी: अडलंय कुठे?

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. वाचून कळणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले ऐकून कळणं. बेरीज नाही, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्याजवळ गेलं की उत्तरही शून्याजवळ जातं. आपली चाचणी याच सूत्रावर उभी आहे आणि तिला दोन दिवस, रोज वीस मिनिटं लागतात.

साधारण सारख्या लांबीच्या, १०० ते १२० शब्दांच्या, मुलाने न ऐकलेल्या दोन बोधकथा निवडा. पहिल्या दिवशी एक गोष्ट तुम्ही मोठ्याने, संथपणे वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलाला स्वतः वाचू द्या. दोन्ही वेळा तोंडी पाच प्रश्न विचारा: काय काय घडलं? या दोन शब्दांचा अर्थ काय (गोष्टीतलेच दोन कठीण शब्द घ्या)? अमुक पात्र तसं का वागलं? शेवटी कोणाचं काय झालं? आणि आपल्या शाळेत किंवा घरी असं कधी होतं? ‘तात्पर्य काय’ हा प्रश्न मुद्दाम वगळलेला आहे. ‘खोटे बोलू नये’, ‘एकीचे बळ’ अशी चार-पाच तयार तात्पर्यं मुलांच्या खिशातच असतात. त्यातलं एखादं बरोबर बसलं, तर काहीच न कळता गुण मिळून जातात.

उत्तरं उतरवून घ्या आणि दोन्ही दिवसांची शेजारी ठेवून पाहा.

ऐकलेली गोष्ट नीट कळली, वाचलेली नाही: इथे अडचण वाचनाची आहे. देवनागरीत घ-ध, भ-म, ब-व, थ-य या जोड्या फसवतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. जोडाक्षरं तर वेगळंच दुखणं. ‘घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलापाशी’ यातली घार ‘धार’ झाली की आईच्या मायेचा पत्ताच कट. शिवाय अक्षरं जुळवण्यात सगळी शक्ती खर्च झाल्यामुळे वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. या मुलाला दडलेला अर्थ ऐकवून शिकवा. त्याचं वाचन सुधारण्याचं काम वेगळ्या वेळी, वेगळ्या मजकुरावर चालू द्या. दोन्ही एकाच तासात कोंबलं की दोन्ही बिघडतं.

घटना कळल्या, पण वस्तूंवर अडलं: रांजण, घडा, अंगण, उंबरा, जातं. या वस्तू पाहिलेल्याच नाहीत. पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटमधलं मूल असो किंवा न्यू जर्सीत शनिवार-रविवारी मराठी शाळेत जाणारं, ‘अंगण वाकडे’ म्हणजे काय वाकडं हे त्याच्या डोळ्यांपुढे येतच नाही.

घटना सांगितल्या, पण ‘का’ला उत्तर नाही: पात्राच्या मनात काय चाललं होतं, याचा अंदाज बांधणं अवघड जातंय. इथे पात्राच्या हेतूवर वेळ द्यावा लागतो.

सगळं कळलं, पण ‘आपल्याकडे असं कधी होतं’वर मूल गप्प: हा खरा लाक्षणिक अर्थाचा अडसर. एका प्रसंगाचा सांगाडा उचलून दुसऱ्या प्रसंगावर बसवणं जमत नाहीये.

पाचवीही शक्यता असते आणि ती सर्रास निसटते. मुलाला कळलेलं असतं, पण सांगायला शब्द सापडत नाहीत. म्हणून गप्प राहिलेल्या प्रश्नाला तीन चित्रं किंवा तीन तोंडी पर्याय देऊन पाहा. पर्यायातून बरोबर उत्तर निवडलं, तर समजूत शाबूत आहे, अभिव्यक्ती अडली आहे.

वयाचाही विचार हवा. सोप्या उपमा बालवाडीतल्या मुलांनाही कळतात. वाक्प्रचार साधारण सात-आठ वर्षांपासून उमगू लागतात. म्हणींची समज तर किशोरवयापर्यंत वाढत राहते. तिसरीतल्या कुठल्याही मुलाला ‘चोराच्या मनात चांदणे’ उलगडलं नाही, तर त्यात काळजीचं काही नाही.

दुसरी पायरी: म्हण शेवटी, गोष्ट आधी

शाळेत क्रम उलटा असतो. डावीकडे म्हण, उजवीकडे अर्थ, वीस जोड्या, उद्या तोंडी परीक्षा. सुटी म्हण हा सगळ्यांत अवघड प्रकार आहे, कारण तिच्याभोवती प्रसंगच नसतो. अर्थाचा अंदाज बांधायला मूल ज्याचा आधार घेऊ शकेल, ते सगळं यादी करताना काढून टाकलेलं असतं. गोष्टीत ते असतं. म्हणून आधी अख्खी गोष्ट, मग तिच्यासारखे रोजचे प्रसंग आणि सगळ्यांत शेवटी म्हण.

गोष्ट निवडताना चार गोष्टी पाहा: पात्रं दोन किंवा तीन, मध्यवर्ती प्रतिमा एकच, पात्र चुकलं ते डोळ्यांना दिसेल असं आणि लांबी साधारण ९० ते १५० शब्द. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट अनेकांना पहिल्यांदा आठवते. ती छान आहे, पण त्यात सहा-सात माणसं, प्रत्येकाच्या हाती हत्तीचा वेगळा अवयव आणि प्रत्येकाची वेगळी उपमा. खांब, सूप, दोरी, भिंत… स्मरणावर एवढं ओझं पडतं की मूळ मुद्दा राहूनच जातो. घ्यायचीच असेल, तर तीन माणसांची करून घ्या.

इथे ‘उंटावरचा शहाणा’ ही गोष्ट पूर्ण उलगडून दाखवली आहे. मजकूर असा:

*रखमाच्या अंगणात पाण्याचा रांजण होता. तहानलेल्या वासराने रांजणात डोकं घातलं. पाणी पिऊन झालं, पण डोकं बाहेर येईना. नुकती फुटलेली शिंगं आत अडकली. लोक जमले. कोणाला काही सुचेना. तेवढ्यात उंटावर बसून एक माणूस आला. लोक म्हणाले, ‘तुम्हीच काहीतरी सांगा.’ तो म्हणाला, ‘सांगतो, पण आधी मला आत येऊ द्या.’ अंगणाचा दरवाजा ठेंगणा होता. उंट आत जाईना. माणूस काही खाली उतरला नाही. म्हणाला, ‘दरवाजा पाडा.’ लोकांनी दरवाजा पाडला. मग तो उंटावरूनच म्हणाला, ‘वासराची मान कापा.’ लोकांनी मान कापली. डोकं रांजणातच राहिलं. ‘आता रांजण फोडा.’ लोकांनी रांजण फोडला. दरवाजा गेला, वासरू गेलं, रांजणही गेला.*

कोणी यात म्हैस सांगतात, कोणी रेडकू. काहीही घ्या, फक्त शेळी किंवा बोकड घेऊ नका. ‘बोकड कापला’ म्हटलं की मुलाच्या डोळ्यांपुढे मटण येतं. नुकसान झालं असं त्याला वाटतच नाही आणि गोष्टीचा कणाच मोडतो.

मूल स्वतः वाचणार असेल, तर हाच मजकूर १६ ते १८ पॉइंट आकारात, दीडपट ओळअंतर ठेवून छापा. उजवी कड सरळ करू नका, त्याने शब्दांमधली अंतरं कमी-जास्त होतात. ओळ अर्थाच्या जागी तोडा. ‘पाणी पिऊन झालं’ एका ओळीत, ‘पण डोकं बाहेर येईना’ पुढच्या. पाठकोऱ्या कागदावर छापू नका, मागची अक्षरं आरपार दिसतात.

तिसरी पायरी: वस्तू हातात द्या

यासाठी सात-आठ मिनिटं. रांजणाचं चित्र दाखवा, पण तेवढ्यावर थांबू नका. अरुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी घ्या, जिच्यात मुलाचा उघडा पंजा जेमतेम जाईल. आत एक चेंडू टाका. (काचेची किंवा स्टीलची बरणी नको, हात खरोखर अडकला तर पंचाईत.) मूल हात घालतं, चेंडू मुठीत धरतं आणि मूठ बाहेर येत नाही. आता विचारा, ‘हात कसा सोडवशील?’ मूल चेंडू सोडून देतं, हात निघतो. ‘बरणी फोडायची का?’ मूल हसतं. त्या हसण्यात अर्धी गोष्ट कळलेली असते. उपाय सोपा होता, जवळ जाऊन पाहिलं असतं तर दिसला असता, हे मुलाच्या हाताला आधी कळतं आणि मग डोक्याला.

उंटाची उंचीही शब्दांत सांगू नका. मुलाला स्टुलावर उभं करा, तुम्ही धरून राहा आणि जमिनीवर बरणी ठेवून विचारा, ‘आत काय आहे, दिसतंय?’

चौथी पायरी: तीन थांबे

गोष्ट एकदा न थांबता सांगा. दुसऱ्यांदा सांगताना तीन ठिकाणी थांबा.

पहिला थांबा ‘शिंगं आत अडकली’ इथे. अडचण काय झाली ते मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगू द्या. त्याने काय केलं असतं, तेही विचारा. ‘मान हळूच तिरकी केली असती’ असं उत्तर आलं तर ते लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा थांबा ‘खाली उतरला नाही’ इथे. सगळी गोष्ट या बिजागरीवर फिरते आणि मुलं नेमकी इथेच भरकटतात. ‘का उतरला नाही?’ असं विचारलं की हमखास येणारी उत्तरं: ‘उंट उंच असतो’, ‘त्याचे पाय दुखत होते’, ‘उंट पळून गेला असता’. यातलं एकही चूक म्हणून झिडकारू नका, पण पुढचा प्रश्न विचारा: ‘उतरला असता तर त्याला काय दिसलं असतं?’ मूल म्हणेल, ‘शिंगं.’ मग: ‘शिंगं दिसली असती तर त्याने काय सांगितलं असतं?’ आता मुलाचं मघाचं उत्तर बाहेर काढा, ‘तू काय म्हणाला होतास?’ इथे तुम्ही स्वतः अर्थ सांगून टाकलात, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या फुकट जातात. दहा सेकंद शांतता सहन करावी लागते. मोठ्यांना ती फार जड जाते.

तिसरा थांबा शेवटी. गेलेल्या गोष्टी बोटांवर मोजायला लावा: दरवाजा, वासरू, रांजण. वाचलं काय? काहीच नाही. आणि त्या माणसाचं काय गेलं? काहीच नाही! हा शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सल्ला देणाऱ्याला स्वतःला झळ बसत नाही, हा या म्हणीतला तिखट भाग त्यातच आहे.

मग पोस्टकार्डाएवढी चार चित्रकार्डं (अडकलेलं वासरू, दाराबाहेर उंट, पडलेला दरवाजा, फुटलेला रांजण) विस्कटून द्या आणि क्रम लावून गोष्ट सांगायला लावा. चित्रं सुबक नसली तरी चालतं, काड्यांची माणसं पुरतात. क्रम चुकला तर पुढे जाऊ नका. घटनाच हाती नसताना अर्थाचा पूल बांधायला घेणं व्यर्थ आहे.

पाचवी पायरी: ‘शहाणा’ शब्दाची उलटी बाजू

या गोष्टीतला माणूस शहाणा नाही, तरी त्याला शहाणा म्हटलंय. हा उपरोध आहे, आणि अर्थ चक्क उलटतो म्हणून मुलाला वेगळा सराव लागतो. पाच मिनिटांचा खेळ पुरतो. एकच वाक्य दोन सुरांत म्हणा: गृहपाठ वेळेवर झाला, ‘शहाणा आहेस हं!’ आणि दूध सांडलं, ‘शहाणाच आहेस!’ मुलाने खरं कौतुक असेल तर अंगठा वर, टोमणा असेल तर खाली करायचा. आधी प्रसंग आणि सूर दोन्ही द्या. मग प्रसंग देऊन सपाट आवाजात वाक्य म्हणा, कारण छापील पानावर सूर नसतो, फक्त प्रसंग असतो. मूल सुरावर विसंबून असेल, तर ते या दुसऱ्या फेरीत उघडं पडतं.

सहावी पायरी: पूल

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. एक अख्खी तासिका, म्हणजे तीस मिनिटं, फक्त यासाठी ठेवा, आणि तीही दुसऱ्या दिवशी.

कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘गोष्टीत’, उजवीकडे ‘आपल्याकडे’. डावीकडे चारच ओळी: कोणाला तरी अडचण आली. एकाने सल्ला दिला. त्याने जवळ येऊन पाहिलं नाही. नुकसान दुसऱ्याचं झालं. लक्षात घ्या, या यादीत उंट नाही, रांजण नाही. वस्तू गाळून नुसता सांगाडा काढणं म्हणजेच लाक्षणिक अर्थाकडे जाणं. पहिल्या दोन-तीन गोष्टींना हे गाळण्याचं काम तुम्ही करा, मग हळूहळू मुलावर सोपवा.

आता प्रसंग सांगा आणि चारही ओळी बसतात का, ते मुलाला एकेक टिचकी मारून तपासू द्या.

मैदानात चिखल आहे. वरच्या गॅलरीतून एक काका ओरडतात, ‘पळा पळा, काही होत नाही!’ मुलं पळतात आणि घसरतात. चारही ओळी बसल्या.

दादा सायकलची चेन बसवतोय. ताई सोफ्यावरून, मोबाइलमधून डोकंही वर न काढता, ‘जोरात ओढ ना’ म्हणते. चेन तुटते. बसल्या.

आता खरी परीक्षा, न बसणारे प्रसंग. डॉक्टर फोनवर विचारतात, ताप किती, खोकला आहे का, काय खाल्लं, आणि मग औषध सांगतात. ते जवळ आलेले नाहीत, पण सगळं विचारून घेतलं आहे. उंटावरचे शहाणे आहेत का? आजी देवघरात बसल्या जागेवरून म्हणते, ‘दूध बघ, उतू जातंय,’ आणि खरंच उतू जात असतं. तिने पाहिलं नाही, पण वासावरून ओळखलं. मग?

हे न बसणारे प्रसंग गाळले, तर मूल सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला उंटावरचा शहाणा म्हणू लागतं. त्यात मुख्याध्यापकही येतात. तीन बसणारे आणि दोन न बसणारे, असं प्रमाण ठेवा. यानंतर मुलाला स्वतःचा एक प्रसंग शोधायला सांगा. लगेच सुचला नाही, तर घरी नेऊ द्या.

म्हण आत्ता, इथे सांगायची: ‘अशा माणसाला आपल्याकडे उंटावरचा शहाणा म्हणतात.’ मूल जे आधीच पुरतं ओळखतं, त्याला नुसतं नाव मिळतं. नाव लक्षात ठेवायला मग घोकंपट्टी लागत नाही.

उजळणीचा हिशोब असा: दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी. प्रत्येक वेळी दोनच मिनिटं आणि प्रत्येक वेळी नवा प्रसंग. आठवड्याला एक गोष्ट, फार तर दोन म्हणी. यापेक्षा जास्त घेतल्या की त्या एकमेकींत मिसळतात. नाचता येईना म्हणून द्राक्षे आंबट, असं उत्तर मग ऐकावं लागतं. (तसं पाहिलं तर ते अगदीच चूक नाही. दोन्हीकडे माणूस आपलं उणं लपवतोय. असं उत्तर आलं तर मुलाला शाबासकी द्या आणि मग दोन्हींतला फरक दाखवा: एकात जमलं नाही म्हणून दोष साधनाला, दुसऱ्यात मिळालं नाही म्हणून दोष मिळायच्या वस्तूला.)

वाक्प्रचारांचे तीन ढीग

वाक्प्रचार म्हणींपेक्षा लहान आणि रोजच्या बोलण्यातले असतात, पण सगळे एका पद्धतीने शिकवता येत नाहीत. आधी त्यांचे ढीग करा.

पहिल्या ढिगात हावभावाचे: पाठ थोपटणे, तोंडात बोटे घालणे, कपाळाला हात लावणे. हे करून दाखवले की झालं. हावभाव करा आणि कोणत्या वेळी माणूस असं करतो ते विचारा.

दुसऱ्या ढिगात ज्यांचं कारण दिसू शकतं असे: काखा वर करणे (हात वर केले, काहीच नाही जवळ), डोळ्यांत तेल घालून पहारा करणे, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटचा तर मोरीत करून पाहण्यासारखा आहे. तांब्या पालथा ठेवा, मुलाला त्यावर अर्धा लिटर पाणी ओतायला लावा, मग तांब्या सुलटा करून आत किती साठलं ते पाहायला सांगा. थेंबही नाही. ‘कितीही ओतलं तरी?’ ‘कितीही.’ मग प्रसंग: रोज सांगूनही छोटू चपला जागेवर ठेवत नाही.

तिसऱ्या ढिगात आज कारण दिसत नाही असे: हातावर तुरी देणे, नाकी नऊ येणे. यांची उत्पत्ती सांगत बसू नका. ती ऐकून मूल मूळ अर्थात आणखी रुततं. हे सरळ पाठ करायचे, पण अर्थासह नव्हे, तर प्रसंगासह: ‘चोराने पोलिसांच्या हातावर तुरी दिल्या आणि तो पळाला.’ मुलाने तुरी शब्दावर बोट ठेवून ‘डाळ?’ विचारलं, तर ‘हो, डाळच, पण इथे डाळीचा संबंध नाही’ एवढं पुरे.

इंटरनेटवर एक लोकप्रिय कृती फिरत असते: वाक्प्रचाराचं शब्दशः चित्र काढा. पोटात खरेखुरे कावळे, डोक्यावर बसलेला मुलगा. वर्गात मजा येते हे खरं, पण महिन्याभराने मुलाला आठवतं ते कावळ्याचं चित्र, भूक आठवत नाही. काढायचंच असेल, तर शब्दशः चित्र कोपऱ्यात, बोटाएवढं आणि फुली मारलेलं. खऱ्या अर्थाचं चित्र पानभर.

सुरुवात मात्र याहूनही सोप्या जागेवरून करता येते. ‘बाबा ताटावर बसले’, ‘घरावरून हत्ती गेला’ ही व्याकरणाच्या पुस्तकातली लक्षणेची (शब्दशः अर्थ सोडून त्याच्याशी जुळणारा दुसरा अर्थ घेण्याची) जुनी उदाहरणं. ताटावर खरंच बसले का? घराच्या छपरावरून हत्ती गेला का? मूल खदखदून हसतं आणि बरोबर उत्तर देतं. म्हणजे शब्दांपलीकडचा अर्थ लावणं त्याला येतंच, हे त्याला आणि तुम्हाला दोघांनाही पहिल्याच दिवशी दिसतं.

पेपरात लिहिताना

‘वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा’ याला मुलं लिहितात, ‘रामूने कानाला खडा लावला.’ कळलं की नाही, काहीच समजत नाही. तीन खणांचा साचा द्या: आधी काय झालं, वाक्प्रचार, मग काय झालं. ‘उघड्यावरची भेळ खाऊन रामू आजारी पडला, तेव्हा त्याने कानाला खडा लावला आणि पुन्हा ती भेळ खाल्ली नाही.’ लेखन अक्षमता असेल, तर तिन्ही खण तोंडी भरून घ्या आणि लिहायला एकच वाक्य द्या. सरावाच्या वेळी शुद्धलेखनाच्या चुकांना लाल शाई लावू नका. इथे तपासायचा आहे अर्थ. राज्य मंडळाच्या परीक्षेत प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. लेखनिक घेणार असाल, तर हा तीन खणांचा साचा बोलून सांगण्याचा सराव आधीपासून हवा. तोंडी सांगणं हे वेगळं कौशल्य आहे.

हमखास होणाऱ्या चुका

‘कळलं का?’ हा प्रश्न विचारूच नका. उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी नवा प्रसंग द्या आणि बसतो का ते विचारा.

‘गाढवाला गुळाची चव काय’, ‘वासरात लंगडी गाय शहाणी’, ‘आंधळा मागतो एक डोळा’ अशा म्हणी या मुलांना शिकवण्याच्या यादीत पहिल्या नकोत. पहिली तर यातल्या बऱ्याच मुलांना उद्देशून कोणीतरी वापरलेली असते. म्हणीचा अर्थ कळण्याआधी तिचा ओरखडा उठलेला असतो, आणि त्या जागेवर शिकणं होत नाही.

घरची भाषा विसरू नका. घरात अहिराणी, मालवणी, गोरमाटी बोलणाऱ्या किंवा गोव्यात कोंकणी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी म्हण परकी वाटते, पण आजीच्या तोंडची म्हण त्याला चपखल कळते. ती आजीकडून लिहून आणायला सांगा आणि तिच्यावरून याच सहा पायऱ्या करा. वर्गाला अर्थ समजावून सांगायची पाळी मग त्याची.

नोंद आणि पुढची दारं

वहीत प्रत्येक गोष्टीपुढे चार आकडे लिहा: घटना, शब्द, कारण, पूल. प्रत्येकाला ० ते ३. मदतीशिवाय जमलं तर ३, एका इशाऱ्याने २, पर्याय दिल्यावर १, नाही जमलं तर ०. आठवड्याला तीन तासिका, अशा सहा आठवड्यांनी रकाने खाली-वर पाहा. पहिले तीन चढले आणि पूल तिथेच राहिला, तर न बसणारे प्रसंग वाढवा. फक्त शब्दांचा रकाना मागे असेल, तर गोष्टी सोप्या वस्तूंच्या घ्या.

ऐकलेल्या साध्या गोष्टीच्या घटनाही सहा आठवड्यांनी क्रमाने सांगता येत नसतील, तर आधी कानांची तपासणी करून घ्या आणि मग वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांना दाखवा. अडचण वाचनापुरती नसून भाषेचीच असण्याची शक्यता तिथे उघड होते. मूल गोष्टीतच नव्हे, तर रोजच्या बोलण्यातही प्रत्येक वाक्य शब्दशः घेत असेल, थट्टा कळत नसेल आणि मित्रांमध्ये मिसळणंही जड जात असेल, तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांची भेट घ्या. तिथे जाताना ही वही बरोबर न्या. ‘याला काही कळत नाही’ यापेक्षा ‘घटना ३, शब्द २, कारण १, पूल ०’ हे तज्ज्ञांना कितीतरी अधिक सांगून जातं.